डायनो ट्यूनिंग : आधी मोजमाप, मग मजुरी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कारागीर आहेत. "उस्ताद, गाडीची ताकद वाढवून द्या," असे म्हणत गिऱ्हाईक गॅरेजवर येते. अशा वेळी डायनोचा उपयोग काय आणि त्यावरील खर्च कधी वसूल होतो, याचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

डायनो हा इंजिनाचा तराजू आहे. तराजू माल वाढवीत नाही, वजन सांगतो. गाडीची चालती चाके रोलरवर ठेवून इंजिन पळवतात व रोलरवर पडणाऱ्या जोरावरून टॉर्क काढतात. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ७,०२४ ने भागले की मेट्रिक अश्वशक्ती मिळते. १२० टॉर्क ४,००० फेऱ्यांवर असेल तर ताकद सुमारे ६८ अश्वशक्ती होते.

चाकावरचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्यापेक्षा कमीच येतो, कारण कंपनी इंजिनावर मोजते आणि गिअरबॉक्स व टायर काही ताकद खातात. गरम हवेतही आकडा घटतो. म्हणून कामाआधीचे आणि नंतरचे माप त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, शक्यतो सारख्याच हवामानात घ्यावे.

खरे ट्यूनिंग म्हणजे इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ जुळवणे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास एका भागाला १४.७ भाग हवा लागते. पूर्ण जोरावर मात्र साधारण १२.५ ते १३ भाग ठेवतात. ठिणगी फार आधी पडली तर इंजिन ठोकू लागते आणि पिस्टन जाऊ शकतो. टर्बो इंजिनात फरक चांगला दिसतो. साध्या, सुस्थितीतील इंजिनात तो थोडाच असतो. कार्बुरेटर, कॅम किंवा सायलेन्सर बदलला असेल तर मात्र ट्यूनिंग केलेले बरे.

आता हिशेब पाहू. समजा, गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ देते. ट्यूनिंगनंतर १६ देऊ लागली तर महिन्याला सव्वासहा लिटर वाचतील. लिटरला १०० रुपये धरले तर बचत ६२५ रुपये. खर्च १५,००० आला असेल तर तो फिटायला २४ महिने लागतील. त्यातही ताकदीसाठी केलेल्या ट्यूनिंगने मायलेज वाढेलच असे नाही. म्हणून मायलेजची तक्रार असेल तर आधी प्लग, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन व टायरमधील हवा तपासावी. हे काम स्वस्तात होते.

कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर ती नाकारली जाण्याचा धोकाही गिऱ्हाइकाला आधीच सांगावा.

मापात खोट करणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. ती केवळ धान्याच्या मापापुरती आहे असे समजू नये. न वाढलेल्या ताकदीची मजुरी घेणे हीही मापातील खोटच आहे. दोन्ही छापील आलेख गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत. फरक पडणार नसेल तर तसे काम हाती घेण्याआधीच सांगावे. त्या दिवशीची मजुरी बुडेल, पण ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दारी येईल आणि अशा कमाईत बरकतही राहील, इन्शाअल्लाह.