आमची बग्गी आणि शेंद्र्याचा ‘रिकामा’ रस्ता

रात्र-रात्र जागून वेल्डिंग केलेली बग्गी एकदा स्टार्ट झाली की ती लगेच पळवून बघावीशी वाटते. आम्हालाही वाटलं. एका सुटीच्या दुपारी ती टेम्पोत घालून आम्ही शेंद्रा एमआयडीसीत नेली. रुंद सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट. मीच चालवत होतो. वळणावर शिफ्टला निघालेले एक काका सायकलवर समोर आले. करकचून ब्रेक दाबला, गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. काका एवढंच म्हणाले, “पोरांनो, हा रस्ता आहे, मैदान नाही.”

त्या रात्री मी मोटार वाहन कायदा, 1988 वाचून काढला. त्यातलं आपल्या कामाचं सांगतो.

1) सार्वजनिक जागा म्हणजे काय? जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा. मग ती रहदारीची असो वा नसो (कलम 2). म्हणजे एमआयडीसीचा रस्ता रिकामा दिसला तरी सार्वजनिकच. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला हाच परिसर माणसांनी फुलतो, हे आपण विसरतो.

2) नोंदणी : नोंदणीशिवाय मोटार वाहन रस्त्यावर आणता येत नाही (कलम 39). पहिल्या गुन्ह्याला 2,000 ते 5,000 रुपये दंड (कलम 192). 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाला सूट आहे, पण ती चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला. आपली बग्गी चार चाकांची, बाजा स्पर्धेतलं इंजिन 305 सीसीचं. सूट कुठून मिळणार?

3) शर्यत : राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे (कलम 189). 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाग घेणारा तर अडकतोच, शर्यत होऊ देणाराही अडकतो. “सर, फक्त टाइम काढतोय” हे चालत नाही.

4) विमा : सार्वजनिक जागी त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे (कलम 146). नोंदणीच नसलेल्या आमच्या बग्गीचा विमा कसला? काकांना धक्का लागला असता तर हॉस्पिटलचा खर्च कोणी दिला असता? आमच्या टीमच्या वर्गणीत स्पेअर चेनचेही पैसे नव्हते.

मग चालवायची कुठे? बंदिस्त आवारात. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं कायद्याने ‘मोटार वाहन’ धरलेली नाहीत. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या यार्डाबाबत हेच पाहिलं : भोवती भिंत आहे, आत कोणालाही सरसकट प्रवेश नाही, म्हणून ती सार्वजनिक जागा नाही आणि तिथल्या वाहनांना मोटार वाहन कर नाही. बाजा स्पर्धासुद्धा रस्त्यावर होत नाही, बंद ट्रॅकवरच होते.

आता आम्ही प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन कॉलेजच्या आवारातच टेस्टिंग करतो. गेट बंद, दोन्ही टोकांना एकेक जण, हेल्मेट आणि हार्नेस, हाताशी अग्निशामक. ड्रायव्हर बसण्याआधी दोन्ही किल-स्विच दाबून बघायचे. वेग कमी मिळतो, मान्य. पण समोरून कोणी येणार नाही, याची खात्री असते.

ज्युनिअर्सनो, यंदा बग्गी तुमच्या हातात आहे. गेटबाहेर न्यावीशी वाटली तर आधी ते हातभर अंतर आठवा.