दोन रेघांत खड्याचा धोंडा

जपानी चित्रकथांना तिकडे 'मांगा' म्हणतात. त्यांतल्या एखाद्या चित्रात रिकामी खोली असते, कोणी बोलत नसते, काही वाजत नसते. आणि तरी मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरांत 'शीऽन' असे लिहिलेले आढळते. हा शांततेचा शब्द! आवाजच नाही, तर नक्कल केली ती कशाची?

धो धो, टपटप, किणकिण हे अनुकरणवाचक शब्द आपल्यालाही परिचयाचे आहेत. जपानीत असे शब्द हजारोंनी आहेत. आवाजाची नक्कल करणारे ते 'गिओंगो'. आणि दिसणे, हालणे, वाटणे यांचे चित्र उभे करणारे ते 'गिताइगो'. पाऊस 'झाझा' कोसळतो, हा पहिला प्रकार. तारे 'किराकिरा' चमकतात, हा दुसरा. कारण ताऱ्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. आपल्या 'लुकलुक'चेही तसेच आहे.

आता पुढील जोड्या मोठ्याने वाचा. लहान खडा घरंगळतो तो 'कोरोकोरो', मोठा धोंडा गडगडतो तो 'गोरोगोरो'. (ढगांचा गडगडाटही 'गोरोगोरो'च.) दारावरची हलकी थाप 'तोनतोन', ढोल वाजतो तो 'दोनदोन'. तारा 'किराकिरा', पण डोळ्यांना खुपणारे ऊन 'गिरागिरा'. बोटांतून सहज निसटणारी बारीक वाळू 'सारासारा', खरखरीत असेल तर 'झाराझारा'.

नियम तुमच्या ध्यानात आलाच असेल. क, त, स असले की वस्तू लहान, हलकी, नाजूक. त्यांच्या जागी ग, द, झ आले की तीच मोठी, जड, ओबडधोबड. गंमत अशी, की शाळेत आपण क, त, प यांना कठोर आणि ग, द, ब यांना मृदू व्यंजने म्हणतो. जपानीत सारी दांडगाई मृदू मंडळींकडेच आहे! जपानी लिपीतही हे डोळ्यांना दिसते. 'का' या अक्षराच्या उजव्या कोपऱ्यात वर दोन बारीक रेघा मारल्या की 'गा' होतो.

असे का व्हावे? गळ्यावर बोट ठेवून 'अक्का' आणि मग 'अग्गा' असे सावकाश म्हणा. 'अक्का' म्हणताना मध्ये कंप थांबतो. 'अग्गा' म्हणताना तो चालूच राहतो. तोंड बंद असताना स्वरतंतू कंपित ठेवायचे तर आतल्या हवेला जागा हवी. म्हणून घसा व तोंड यांची पोकळी किंचित फुगते. पोकळी मोठी तर नाद खोल. टिमकी आणि नगारा यांत हाच फरक असतो. ग, द, ब यांच्याशी मोठेपणा जोडला जाण्याचे मूळ येथे असावे, असे काही ध्वनिशास्त्रज्ञ मानतात. मराठीतही बांगड्यांची किणकिण आणि देवळातल्या घंटेची घणघण असते, हे आठवून पाहा.

मग जपानी न येणाऱ्यालाही हे शब्द कळतील काय? मुत्सुमी इमाइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चालण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांसाठी त्यांनी या धर्तीवर नवेच शब्द बनवले होते. शब्द ऐकून जुळणारी चाल ओळखायची. जपानी बालकांना ते साधलेच. पण जपानीचा गंध नसलेल्या इंग्रजी भाषक प्रौढांची उत्तरेही निव्वळ अंदाजाने येतील त्यापेक्षा अधिक वेळा बरोबर आली.

मात्र सगळेच असे उलगडत नाही. जपानी कुत्रा 'वानवान' भुंकतो. 'भो भो' कसा भुंकणार? त्या भाषेत 'भ' नाहीच.

याची खरी अडचण रुग्णालयात होते. २००८ पासून इंडोनेशियातून, पुढे फिलिपीन्स व व्हिएतनाममधूनही परिचारिका सरकारी करारानुसार जपानमध्ये जाऊ लागल्या. तेथील रोगी आपले दुखणे याच शब्दांत सांगतो. डोके 'गानगान' करते म्हणजे घण घातल्यासारखे ठणकते, हे कानाला निदान पटते. दात 'झुकिझुकि' करतो, म्हणजे ठोक्याठोक्याने कळ येते. पण पोट 'शिकुशिकु' दुखते म्हणजे मंद, चिवट, थांबता न थांबणारे दुखते, हे वरच्या नियमातून निघत नाही. ते पाठच करावे लागते.