सम्यक व्यायाम आणि महाविद्यालयाचे पहिले वर्ष

दरवर्षी संस्थेच्या वतीने आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र आणि एखादे पुस्तक देऊन त्यांचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु त्याच सभागृहात मागच्या रांगेत काही मुले-मुली खाली मान घालून बसलेली असतात. काही तर येतच नाहीत. बारावीला त्यांचाही असाच सत्कार झालेला असतो. पुढे महाविद्यालयाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागतो, दोन-तीन विषय राहतात, आणि घरी काय सांगावे हे त्यांना कळेनासे होते. ज्यांची नावे सत्काराच्या यादीत नसतात, त्यांच्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आपली मुले साताऱ्याला, सांगलीला शिकायला येतात. कोणी वसतिगृहात राहतो, कोणी चौघांत एक खोली घेतो, कोणी एस.टी.चा पास काढून रोज ये-जा करतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलासमोर अचानक इंग्रजी ग्रंथ येतात. शाळेत गुरुजी नावाने ओळखत होते. इथे शंभर जणांच्या वर्गात कोणी ओळखत नाही. शाळेत पाठांतरावर निभावले. इथे निभावत नाही. मग एक तास बुडतो, त्यामुळे दुसरा समजत नाही, म्हणून तिसराही बुडतो. शेवटी मुलगा स्वतःशीच म्हणतो, "हे आपल्याच्याने होणारे नाही. आपली बुद्धीच तेवढी नाही."

आम्हांला या शेवटच्या वाक्याशीच भांडायचे आहे. आधीच्या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांतून हा निष्कर्ष निघत नाही.

उदाहरण आपल्या साताऱ्याचेच घेऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, १९१४ या नोंदणी क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. याच साताऱ्यात लहानपणी त्यांची आई वारली होती. पुढे कुटुंब मुंबईला गेले आणि १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. म्हणजे शेकडा सदतीस-अडतीस. आज आपल्या संस्थेकडे हा अर्ज आला असता, तर सत्काराच्या यादीत त्यांचे नाव बसले नसते!

परंतु त्या वेळच्या समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे इंटरनंतर वडिलांना खर्च झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये बी.ए., १९१३ मध्ये अमेरिका, १९१५ मध्ये एम.ए. असा प्रवास झाला. पण तोही सरळ नव्हता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. नोकरी करून, पैसे साठवून, काही उसने घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधही पहिल्या झटक्यात मान्य झाला नाही. तो दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

बाबासाहेबांची विद्वत्ता आपण नेहमी सांगतो. परत पाठवलेला प्रबंध मात्र आपण मुलांना सांगत नाही. राहिलेला विषय पुन्हा देणाऱ्या मुलाला त्याचीच अधिक गरज असते.

सांगली जिल्ह्यातलेही एक उदाहरण आहे. शंकरराव खरात हे आटपाडीचे. तराळकी करणाऱ्या घरात जन्मलेला हा मुलगा शिकण्यासाठी औंधला आला, पुढे पुण्याला गेला, वकील झाला. 'प्रबुद्ध भारत'चे संपादक, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९८४ च्या जळगाव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशी पदे त्यांनी भूषविली. आटपाडीहून आज निघणाऱ्या मुलाने हे नाव मनात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, ही माणसे मोठी होती, त्यांच्या अंगी जिद्द होती. आमच्या अंगी हुरूपच येत नाही, त्याला काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर भगवान बुद्धांनी सोण कोळिवीस या भिक्खूला दिले आहे.

सोण हा चंपा नगरीतल्या श्रीमंत श्रेष्ठीचा मुलगा. सुखात वाढलेला. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने साधनेचा इतका अतिरेक केला, की चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले. तरीही काही हाती लागेना. तेव्हा त्याच्या मनात आले, आपण घरी परत जावे. घरी धनसंपत्ती आहे, तिचा उपभोग घेत दानधर्म करावा. तथागत त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे, हे त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? सोण म्हणाला, नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. नेमक्या जुळवल्या म्हणजेच ती वाजते. त्याचप्रमाणे अति प्रयत्नाने मन अस्वस्थ होते आणि अल्प प्रयत्नाने आळस येतो, म्हणून प्रयत्न सम ठेव, असा उपदेश त्यांनी केला. सोणने तो पाळला आणि तो अर्हत झाला.

या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सोणमध्ये तळमळ कमी नव्हती, उलट जास्त होती. तथागतांनी त्याला ना "तू नालायक आहेस" असे म्हटले, ना "आणखी जोर लाव" असे. त्यांनी तार जुळवायला सांगितली. आपला विद्यार्थीही सत्रभर तार सैल सोडतो आणि परीक्षेआधी आठ दिवस रात्र-रात्र जागून ती तुटेपर्यंत ताणतो. मग म्हणतो, एवढे करूनही यश नाही. चूक बुद्धीची नसते, जुळणीची असते.

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाची चार अंगे आहेत. 'व्यायाम' म्हणजे येथे प्रयत्न. ही चार अंगे अभ्यासाला अशी लावता येतात.

पहिले, न उपजलेले अकुशल उपजू न देणे. एकही तास विनाकारण बुडवू नये. समजत नसले तरी बसावे. फळ्यावरचे तरी वहीत येते. शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरावा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेची पात्रता समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावी. पैशाची चिंता वाढली की अभ्यासावरचे चित्त पहिल्यांदा उडते.

दुसरे, उपजलेले अकुशल सोडणे. दुसऱ्याच्या गुणांशी तुलना, "उद्यापासून करू" ही सवय आणि मध्यरात्रीपर्यंत हातात राहणारा मोबाईल या तीन गोष्टी ओळखून कमी कराव्यात. मोबाईल झोपताना हाताला लागणार नाही इतका दूर ठेवावा.

तिसरे, न उपजलेले कुशल उपजविणे. रोज दहा इंग्रजी पारिभाषिक शब्द मराठी अर्थासह वहीत लिहावेत. महिन्यात तीनशे शब्द होतात आणि ग्रंथ परका वाटेनासा होतो. आठवड्यातून एकदा प्राध्यापकांना भेटावे. "मला काही समजत नाही" असे न म्हणता "या पानावरची ही ओळ समजली नाही" असे विचारावे. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके मिळते.

चौथे, उपजलेले कुशल टिकविणे आणि वाढविणे. रोज एकाच वेळी, एकाच जागी पाऊण तास बसावे. हुरूप असो वा नसो. हुरूप आला की अभ्यास करू असे म्हणणारा वाट पाहतच राहतो. बसल्यावर एक उदाहरण सुटते, आणि सुटलेल्या उदाहरणातून उद्याचा हुरूप येतो. तीन-चार मित्रांनी मिळून एकमेकांना धडा समजावून सांगावा. जे दुसऱ्याला सांगता येते, ते आपल्याला समजलेले असते.

एवढे करूनही मन फार खचत असेल, झोप-जेवण उडाले असेल, जगणे नको वाटत असेल, तर ते एकट्याने सोसू नये. घरी सांगावे, शिक्षकांना सांगावे, डॉक्टरांना दाखवावे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. दुःख आहे हे मान्य करणे हे पहिले आर्यसत्य आहे. त्यात कमीपणा नाही.

आता दोन शब्द सभासद बंधू-भगिनींसाठी. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. त्या मुलांचे टक्के पाहून त्यांनी ते केले नव्हते. आपणही विहारात रविवारच्या वंदनेनंतर पहिल्या वर्षाच्या मुलांना जवळ बसवू या. "किती टक्के पडले?" असे विचारण्याऐवजी "काय अडले आहे?" असे विचारू या. आपल्यात शिक्षक आहेत, बँकेत आणि कचेऱ्यांत काम करणारे आहेत, निवृत्त झालेले आहेत. एका सभासदाने एका विद्यार्थ्याचे एक वर्ष सांभाळले, तरी पुष्कळ होईल.

आणि पुढल्या सत्काराच्या यादीत आणखी एक रकाना ठेवावा, अशी आमची संस्थेला नम्र सूचना आहे. ज्याचा विषय राहिला होता आणि ज्याने तो पुन्हा देऊन सोडवला, त्याचेही नाव त्यात यावे. २८२ गुण मिळविणाऱ्या मुलाच्या हातात एका गुरुजींनी बुद्धचरित्र दिले होते. असे एखादे पुस्तक आपल्या हातूनही मागच्या रांगेपर्यंत पोहोचावे.

जय भीम! नमो बुद्धाय!