जनावरांवर आशीर्वाद मागावा काय?

अभ्यासाचा शास्त्रभाग : गणना २२:२१-३४. ह्याशिवाय वाचावे : निर्गम २३:१२, अनुवाद २५:४, नीतिसूत्रे १२:१०, योना ४:११.

पोळा जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उठतो. शेजारचे शेतकरी बैलांचे खांदे हळद व तूप लावून मळतात, शिंगे रंगवितात, पाठीवर झूल घालितात आणि पुरणपोळीचा घास भरवितात. त्या दिवशी ख्रिस्ती शेतकऱ्याचे बैल गोठ्यात तसेच उभे असतात, आणि लोक म्हणतात की, ह्यांना नवा धर्म मिळाला, पण मुक्या जनावराची माया गेली. मग एखादा घरधनी पाळकाकडे येऊन विचारितो, "साहेब, पूजा आम्ही करीत नाही, परंतु उपासनामंदिराच्या आवारात बैल आणिले, तर आपण त्यांच्यासाठी प्रार्थना कराल काय?" कित्येक उपदेशक ह्यास मूर्तिपूजेची मागची वाट म्हणतात, कित्येक म्हणतात, ह्यात वावगे ते काय? दोन्ही पक्षांचे बंधू प्रामाणिक आहेत. म्हणून हा विषय आपण शास्त्राच्या उजेडात पाहू.

१. ही चाल कोठून आली? मिसर देशातील संन्यासी अंतोनी ह्याच्या सणास, म्हणजे १७ जानेवारीस, घोडे, गाढवे व गुरे आणून त्यांस आशीर्वाद देण्याची रीत रोम शहरात फार जुनी आहे. रोमन मंडळीच्या विधिग्रंथातही जनावरांवरील आशीर्वाद आहेत. असीसीचा फ्रान्सिस १२२६ साली मरण पावला. त्याच्या सणाच्या, म्हणजे ४ ऑक्टोबरच्या सुमारास आता परदेशांतील पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांतही लोक आपली कुत्री, मांजरे व पक्षी घेऊन येतात. न्यूयॉर्क येथील संत योहानाच्या कॅथीड्रलमध्ये ह्या उपासनेस उंट व हत्तीदेखील आणिले गेले आहेत.

परंतु १६ व्या शतकातील सुधारकांनी आशीर्वादित पाणी, मीठ इत्यादी वस्तूंविषयी जो इशारा दिला, तो आपण विसरू नये. मनुष्याचा भरवसा देवावरून निघून पाण्यावर बसतो, हे त्यांचे म्हणणे होते. ज्या घरात कालपर्यंत बैल आजारी पडताच अंगारा लावीत, त्या घरात पाळकाची प्रार्थना हाच नवा अंगारा होण्यास वेळ लागत नाही.

२. शास्त्र काय शिकविते? जलप्रलयानंतर देवाने जो करार केला, तो नोहाशीच नव्हे, तर तारवातून निघालेल्या प्रत्येक जिवाशी केला (उत्पत्ति ९:९-१०). विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देताना त्याने बैल व गाढव ह्यांची नावे घेतली. मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये, असे त्याने ठरविले. निनवेवर दया करिताना त्याने तेथील गुरेही मोजिली. आपल्या प्रभूनेही शब्बाथाच्या दिवशी बैल सोडून पाण्यावर नेणे योग्य धरून त्यावरून बोध केला (लूक १३:१५).

येथे कोणी म्हणेल की, पौलाने बैलाची आज्ञा सुवार्तिकांना लावून, देवाला बैलांची काळजी आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न केला आहे (१ करिंथ ९:९). हे खरे, परंतु पौल लहानावरून मोठ्याकडे जात आहे. बैलाला जर त्याच्या श्रमाचा घास द्यावयाचा, तर मनुष्याला किती अधिक द्यावा! ह्यावरून बैलाचा घास काढून घेण्याची मोकळीक कोणास मिळत नाही.

३. बलामाची गाढवी. बलाम हा आशीर्वाद व शाप देण्याविषयी नावाजलेला मनुष्य. तो आपल्या कामगिरीवर निघाला असता वाटेत देवदूत उभा होता. तो गाढवीस दिसला, बलामास दिसला नाही. ती वाट सोडून वळली, भिंतीशी दबली, अखेर खाली बसली. आणि तिन्ही वेळा तिने मार खाल्ला. पुढे बलामाचे डोळे उघडले, तेव्हा देवदूताने त्याला प्रथम काय विचारिले? राजाविषयी नाही, द्रव्याविषयी नाही. तू गाढवीला तीनदा का मारिलेस, हे विचारिले. ज्याच्या मुखातील शापासाठी राजाने माणसे पाठविली, त्याचा पहिला हिशेब त्याच्या हातातील काठीचा झाला.

हा धडा आम्ही स्वतः लाज वाटून शिकलो. एका खेड्यात आम्हांपुढे एक बैल आणिला होता; धुतलेला, झूल घातलेला. प्रार्थनेसाठी आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेविताच तो शहारला व मागे सरला. झूल सारून पाहतो, तो खांदा सुजून फुटलेला! धन्याने मान खाली घातली. त्याची एकच जोडी, डोक्यावर कर्ज. काम थांबविले असते तर रान पडीक राहिले असते. आणि आम्ही कोणत्या तोंडाने त्याला बोलणार? त्याच आठवड्यात दोनदा आम्ही त्याच बैलाच्या गाडीत बसून उपदेशास गेलो होतो. गाडी चालत होती, म्हणून आम्ही उतरून पाहिले नाही. त्या दिवशी प्रार्थना थांबवून कोमट पाणी मागविले, जखम धुतली व गुरांच्या डॉक्टरास बोलाविले. मंडळीतील तिघा भावांनी सावडीने आपापले बैल देऊन त्याचे काम उरकले. जखम भरेपर्यंत त्या बैलावर जू ठेविले नाही. खरी आशीर्वादाची उपासना ती झाली, असे आम्हांस वाटते.

४. मग काय करावे? आमचे मत असे की, जनावरांसाठी प्रार्थना अवश्य करावी. परंतु ती बैलाची नव्हे, बैलाच्या निर्माणकर्त्याची उपासना असावी. खांदा मळणे, अंग धुणे, गोड घास देणे ही सेवा आहे. ती ख्रिस्ती माणसाने आनंदाने करावी. ओवाळणे व पाया पडणे ही पूजा आहे. ती करू नये. दुर्बळ बंधूस अडखळण होत असेल, तर ही प्रार्थना पोळ्याच्या दिवशी न ठेविता हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी ठेवावी. पाणी शिंपडू नये, दक्षिणा घेऊ नये. स्तोत्र १०४ वाचावे, जनावरांच्या श्रमाबद्दल देवाचे उपकार मानावे. आणि प्रार्थनेपूर्वी प्रत्येक जनावराचा खांदा, खूर व नाक पाहावे. कोंबड्या, शेळ्या व राखणीचा कुत्रा ह्यांनाही वगळू नये.

धन्याने त्या वेळी देवासमोर वचन द्यावे : रविवारी जू उतरवीन, दुपारी सावली व पाणी देईन, म्हातारपणी टाकून देणार नाही. सरकारी नियमही येथे सांगितले पाहिजेत. १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली झालेल्या नियमांप्रमाणे ओढीच्या जनावरांस दिवसातून एकंदर ९ तासांहून अधिक, विसाव्यावाचून सलग ५ तासांहून अधिक, किंवा उष्णमान ३७ अंशांपलीकडे असेल तेथे दुपारी १२ ते ३ ह्या वेळात कामास लावू नये. कायदा एवढे मागतो. मग ज्यांच्यावर स्वर्गातील बापाने एवढी दया केली, त्यांनी ह्याहून कमी का द्यावे?

वाचकहो, पुढच्या वेळी बैलावर हात ठेवून आशीर्वाद मागाल, तेव्हा आधी झूल उचलून पाहा.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न :
(१) देवदूताने बलामास प्रथम काय विचारिले, व का?
(२) सेवा व पूजा ह्यांतील भेद आपल्या गोठ्यातील उदाहरणाने सांगा.
(३) आपल्या मंडळीत कोणाचे जनावर जखमी असल्यास ह्या आठवड्यात त्याचे काम कोण उचलील?