लेहला निघण्यापूर्वी

चि. अनिकेत यास, अनेक आशीर्वाद.

बुलेटवरून लेहला जाताना वाचायला ‘काहीतरी आध्यात्मिक’ हवं म्हणालास, म्हणून रॉबर्ट पर्सिगची ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ पाठवतो आहे. लेखक एकेकाळी बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेला होता, पण तुला तो बसवतो थेट इंजिनापुढे.

१९६८ साली पर्सिग मिनियापोलिसहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाला. होंडा सुपर हॉक, मागे अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस, सोबतीला बीएमडब्ल्यूवर सदरलँड नवरा-बायको. त्या प्रवासावर बेतलेलं पुस्तक १२१ प्रकाशकांनी साभार परत केलं. १९७४ मध्ये निघालं आणि लाखांनी खपलं.

जॉन सदरलँडच्या गाडीचं हँडल ढिलं होतं, तो प्रसंग सावकाश वाच. बिअरच्या डब्याचा पत्रा कापून फटीत घालू, असं निवेदक सुचवतो. पत्रा मऊ, गंजत नाही, जाडीही नेमकी. जॉनचा चेहरा पडतो. एवढ्या महागड्या जर्मन गाडीला बिअरचा डबा! हँडल तसंच राहतं.

पुढे कव्हरचा एक स्क्रू अडतो, त्याची खाचही झिजते. चिल्लर किमतीचा स्क्रू, पण तो निघेना तर सगळी गाडी भंगार. पुष्कळ वाचक ही दुरुस्तीची पानं गाळतात आणि अध्यात्म कुठं आहे म्हणून विचारतात. अरे, ते तिथंच आहे! अशा वेळी जोर लावू नये, चहा घ्यावा, पुन्हा बघावं.

शिकागोच्या वर्गातला ॲरिस्टॉटल मात्र फार लांबलाय. कंटाळलास तर खुशाल पानं उलट.

ख्रिसची पानं तेवढी सोडू नकोस. बाप मनातल्या मनात व्याख्यानं देतो, विजेचे झटके देऊन पुसून टाकलेल्या आपल्याच जुन्या रूपाशी झगडतो, आणि मागे बसलेल्या पोराला वाटभर दिसते ती फक्त त्याची पाठ. पोटात दुखतं म्हणून तो रडतो, चिडतो. अगदी शेवटी हेल्मेट काढून पायदानावर उभा राहतो, तेव्हा कुठं त्याला बापाच्या खांद्यावरून रस्ता दिसतो. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसचा खून झाला. नंतरच्या आवृत्तीत पर्सिगनं त्यावर लिहिलंय, तेही वाच.

तुझ्या मागे सौरभ बसणार आहे. दर थांब्यावर त्याची विचारपूस कर. जास्तीची क्लच केबल नि ट्यूब घे, आणि निघण्याआधी मागचं चाक स्वतः खोलून बघ.

तुझा,
काका