तापलेलं लोखंड आणि तापलेला तवा

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत आमची 'इडियम्स अँड फ्रेजेस'ची वेगळी वही असायची. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचे आणि सकाळी पेपरात ओतायचे! मराठी मात्र घरात बोलण्यापुरतं. त्यामुळे सुट्टीत चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इनप्लांट ट्रेनिंगला गेले तेव्हा भाषेची काळजी अशी नव्हतीच. फजिती झाली ती मराठीतच.

एका दुपारी माल न आल्यामुळे लाइन तासभर बंद पडली. आमच्या सुपरवायझर काकांनी कोणाला बसू दिलं नाही. एक फिक्स्चर बरेच दिवस ढिलं होतं, ते उघडून नीट करून घेतलं. मला फारच कौतुक वाटलं. डोक्यात आलं, 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट'. त्याचं मराठी म्हणून मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "काका, तुम्ही बरोब्बर तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतलीत!"

सगळे गप्प. काका पान्हा पुसत म्हणाले, "पोरी, पोळी कुणाची? काम तर कंपनीचंच केलं ना?" त्या दिवशी चहाला मला कोणी हाक मारली नाही.

रात्री होस्टेलवर रूममेटला सांगितलं. ती खेड तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "अगं, पुस्तकात अर्थ 'संधीचा फायदा घेणे' असाच दिलेला असतो. पण आपली पोळी भाजून घेतली असं आपण कोणाबद्दल बोलतो? पेपरात बघ, राजकीय पोळी कोण भाजतं ते!" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजी वाक्प्रचारात लोहार आहे. लोखंड लाल असतानाच घण बसला तर आकार येतो, गार झाल्यावर नुसता आवाज. फोर्जिंगच्या धड्यात आपण हेच शिकतो. म्हणजे त्यात वेळ साधणाऱ्या कारागिराचं कौतुक आहे. पोळीत मात्र स्वार्थाचा वास येतो. अर्थ जवळजवळ एकच, पण एक ऐकून माणूस खूष होतो आणि दुसरा ऐकून दुखावतो.

तिचीही एक गंमत ऐका. 'स्ट्राइक' म्हणजे संप, एवढंच तिला माहीत होतं. आमच्या पट्ट्यात दुसरा अर्थ कोण सांगणार? त्यामुळे लोखंड तापलं की संप करायचा, असा अर्थ तिने कित्येक वर्षं धरला होता!

त्या रात्रीपासून आम्ही दोघींनी एक ठरवलं. तिला कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी इंग्रजी हवं होतं, मला मराठी. पण वहीसारखं पाठांतर नाही. वाक्प्रचार कोणाच्या कामातून किंवा खेळातून आला ते आधी शोधायचं. 'बॉलपार्क फिगर' घ्या. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान. आपण क्रिकेटवाले, आपल्याला कसं कळावं? चेंडू नेमका कुठे पडला ते सांगता येत नाही, पण मैदानाच्या आत आहे एवढं नक्की. मी चटकन त्याला 'अंदाजपंचे' म्हटलं तर तिने थांबवलं. अंदाजपंचे म्हणजे हवेतलं, आधार नसलेलं. कस्टमरने बॉलपार्क आकडा मागितला आणि आपण अंदाजपंचे सांगितला, तर काम गेलंच म्हणून समजा.

माझा सगळ्यात आवडता 'बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड'. तो रूढ झाला 1941 साली 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आलेल्या पीटर आर्नो यांच्या व्यंगचित्रामुळे. विमान कोसळलंय, लोक धावताहेत, आणि डिझायनर कागदाची गुंडाळी बगलेत मारून शांतपणे निघालाय, पुन्हा ड्रॉइंग काढायला. शीट रिजेक्ट झाल्यावर आपण असे शांत असतो का?

खरा घोटाळा 'टेबल'चा. ब्रिटिश इंग्रजीत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे चर्चेला मांडणे. आपल्या विधानसभेत कागद 'पटलावर ठेवतात' तसंच. अमेरिकेत नेमकं उलटं, विषय बाजूला सारणे! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता आणि अमेरिकनांना वाटलं तो लांबणीवर टाकायचाय. दोघांना हवं होतं एकच, तरी लांबलचक वाद झाला. चर्चिल यांनीच हे लिहून ठेवलंय. मुद्दाम सांगते, कारण चाकणमध्ये आता एकाच देशाचं इंग्रजी चालत नाही. 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना इथे सुरू झाला, इतरही देशांच्या कंपन्या आहेत. मेलमध्ये हा शब्द दिसला तर पाठवणारा कुठला ते आधी बघा, आणि शंका असेल तर सरळ विचारा. जर्मन लोकांना काही समजलं नाही की ते म्हणतात, मला फक्त रेल्वे स्टेशन कळतंय. (चाकणला अजून रेल्वे नाही, त्यामुळे आपल्याला तेही म्हणता येत नाही!) असो.

काकांचं राहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, लोहाराचं सगळं समजावून सांगितलं. काका हसले, चहा मागवला. मग विचारलं, "बरं, नाचता येईना अंगण वाकडं, याला इंग्रजीत काय म्हणतात?"

या वेळी मी नीट विचार करून उत्तर दिलं. "अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स. म्हणजे काम न येणारा हत्यारांना नावं ठेवतो."

काका मागे वळून ओरडले, "अरे ऐकलं का? तिकडेपण आपल्यासारखेच फिटर आहेत!"