‘वारसा’ आणि ‘हक्कसोड’ : स्त्रीच्या दायाधिकाराची भाषा

मराठीत स्त्रीच्या मालमत्तेविषयी बोलताना ज्या संज्ञा येतात, त्यांची कुळे पाहण्यासारखी आहेत. ‘वारसा’, ‘हक्क’, ‘हिस्सा’ हे शब्द अरबीतून, फारसीमार्गे आलेले. ‘दाय’ व ‘स्त्रीधन’ धर्मशास्त्रातले. म्हणजे हिंदू मुलगी आपला हक्क मागते तोही अरबी कुळाच्या शब्दाने. ज्या मुस्लिम मुलीच्या धर्मग्रंथात तिचा वाटा स्पष्ट सांगितला आहे, तिला तरी तो मिळाला काय?

१८४७ साली मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात खोजा व मेमन समाजांतील वारसाचे तंटे आले. कुराणाप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. खोजा मुलींनी तो मागितला. मुलींना वगळण्याची, हिंदूंच्या रीतीशी जुळणारी रूढी या समाजात आहे, म्हणून तीच प्रमाण, असा निर्णय सर अर्स्किन पेरी यांनी दिला. ग्रंथाने दिलेले रूढीने काढून घेतले. स्त्रीची दुरवस्था केवळ ग्रंथांतून वाचणाऱ्या अभ्यासकांनी या खटल्यापाशी थांबावे, असे वाटते.

१९३७ साली दोन कायदे झाले. शरियत कायद्याने रूढी बाजूस सारली, पण शेतजमीन वगळून. आणि आपल्याकडे मालमत्ता म्हणजे बहुधा शेतजमीनच. दुसऱ्या कायद्याने हिंदू विधवेस मुलाइतका वाटा दिला, तो हयातीपुरता. १९५६ मध्ये मुलगी वारस झाली, परंतु सहदायाद नव्हे. ते स्थान महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिले, तेही आधीच विवाह झालेल्या मुलींना वगळून. देशभर ते २००५ मध्ये मिळाले. त्या वेळी पिता हयात असण्याची अट नाही, हे २०२० च्या निकालाने स्पष्ट झाले.

कायदा इथवर आला आणि ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द घरोघरी पोचला. सोडण्यासाठी आधी हक्क असावा लागतो, हे खरेच. पण जात्यावरच्या ओव्यांतली बहीण भावाकडे चोळी मागते, शेत मागत नाही. ‘चोळीबांगडी’ ही संज्ञाही तशीच : मायेची, आणि वाट्याऐवजी दिलेली. चोळी स्वीकारणारीचे माहेर टिकते. वाटा मागणारीचे टिकेलच असे नाही. हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण, हिंदू असो वा मुस्लिम, हा हिशेब अडाणीपणाने करीत नाही. नवऱ्याच्या घरी उद्या काही बिनसले, तर परतायला दार एकच असते, आणि ते भावाच्या नावावर असते.